धावणे आणि मागणे



या सदराकडे सल्ला विचारणारी पत्रे पुष्कळ येतात. परंतु उत्तर लिहावयास बसले की लिहिणाऱ्यालाच आपल्या जुन्या वागणुकीचा हिशेब मांडावा लागतो, असे पत्र क्वचित येते. इंदूरच्या एका भगिनीचे पत्र त्यांपैकी आहे. त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, त्यातील आशय मी येथे सांगत आहे. कारण त्यांचा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही.

या भगिनी त्रेचाळीस वर्षांच्या असून एका शाळेत गणित शिकवितात. दर रविवारी त्या दृष्टिहीन मुलींच्या एका वसतिगृहात जातात आणि त्या मुलींना पाठ्यपुस्तके वाचून दाखवितात. एकदा एका मुलीने त्यांना सहज विचारले, “बाई, तुम्ही आला नाहीत त्या दिवशी आम्ही काय वाचायचे?” या प्रश्नाने त्या अस्वस्थ झाल्या. वसतिगृहात ब्रेल लिपीतील पुस्तकांचा एक चांगला संग्रह करावयाचा, तर दोन लाख रुपये तरी हवेत. तेवढी रक्कम पदरी नाही. तेव्हा त्यांनी असे ठरविले की, येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत धावावयाचे आणि त्या निमित्ताने ओळखीच्या माणसांकडून हा निधी जमवावयाचा. त्या लिहितात, “सुटणारी बस गाठण्यापलीकडे मी आयुष्यात कधी धावले नव्हते.” आषाढापासून त्यांनी पहाटे धावावयास आरंभ केला, आज त्या एका दमात १२ किलोमीटर जातात. शर्यतीस अजून सतरा आठवडे आहेत.

मात्र तीन गोष्टींनी त्यांचे मन खट्टू झाले आहे. पहिली, थोरल्या दिरांचे बोलणे. ते म्हणाले, “द्यावयाचे तर सरळ द्या, त्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावण्याचे सोंग कशाला?” दुसरी, मागण्याची लाज. सहा आठवड्यांत त्यांनी मोजक्या अकरा माणसांपुढे शब्द टाकला, आणि प्रत्येक वेळी, त्यांच्याच शब्दांत, “घशात आवंढा आला.” तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. गेल्या पंधरवड्यापासून त्यांची डावी नडगी दुखते आहे. “शेजारच्या आजींनी एकावन्न रुपये हातावर ठेवून म्हटले, ‘धावून आलीस की मला सांगावयास ये.’ आता पायाने दगा दिला आणि शर्यत हुकली, तर हे एकावन्न रुपये मी परत करावेत काय?”

हा शेवटचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी पहिल्या दोहोंकडे वळू.

थोरल्या दिरांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धावण्याने पैसा निर्माण होत नाही, हे खरेच आहे. मग दान आणि धाव यांचा संबंध तरी काय?

आधी ही शर्यत म्हणजे काय, ते पाहू. १८९६ साली अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा मॅरेथॉनच्या रणभूमीपासून अथेन्सपर्यंत धावत जाऊन विजयाची वार्ता देणाऱ्या दूताच्या दंतकथेवरून ही शर्यत योजिली गेली. अंतर सुमारे ४० किलोमीटर होते आणि ती स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने जिंकली. १९०८ साली लंडन येथे हे अंतर २६ मैल ३८५ यार्ड ठेवण्यात आले, आणि १९२१ साली तेच, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, सर्वत्र कायम झाले.

आपल्या देशाचा या शर्यतीशी संबंध जुना आहे, आणि त्याचा आरंभच दुसऱ्याच्या पैशातून झाला आहे. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तेथील अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर एवढे होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत आपल्याकडील शेतकरी तरुणांना अनवाणी पायांनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहून सर दोराबजी टाटा यांना हा संघ परदेशी पाठविण्याची कल्पना सुचली. त्यांनी पुढाकार घेतला आणि पदरचे पैसेही घातले. त्या वेळी एकाला धावता यावे म्हणून इतरांनी पैसे दिले. आज कोणा अनोळखी माणसाचे काम व्हावे म्हणून धावणारा इतरांकडे पैसे मागतो. व्यवहार उलटा झाला. मात्र दोन्हीकडे विश्वासच गुंतवलेला आहे.

धावणे आणि मागणे यांचा संबंध याच विश्वासाशी आहे. जो नुसते मागतो, तो आपला एक शब्द खर्च करतो. जो चार महिने पहाटे उठतो, सणावारीही आपला नेम चुकवीत नाही आणि मग मागतो, त्याच्या शब्दामागे त्याचे आचरण उभे असते. देणारा मनात म्हणतो, “ज्या कामासाठी ही बाई एवढे सोसते, ते काम खचित पाहण्यासारखे असले पाहिजे.” दान धावेला मिळत नाही, दान कामाला मिळते. धाव ही त्या कामाची साक्ष असते.

आपल्याकडे हे नवे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आठवा. १८७५ साली एका परीक्षेस बसण्यासाठी हा सतरा वर्षांचा मुलगा कोकणातील मुरूड गावाहून सातारा येथे, सुमारे ११० मैल, डोंगरवाटांनी पायी गेला. आणि वयाने लहान दिसतो या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट वाया गेली असे कोणीही म्हणेल. पण तेच पाय पुढे कामी आले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगणे येथे नेला, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजातील शिकविणे संपवून ते दररोज पायी हिंगण्यास जात. सुट्ट्या लागल्या की गावोगाव फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करीत. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. परंतु त्या मोठ्या आकड्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षांची चाल आणि हजारो लहान पावत्या होत्या. अण्णांचे चालणे लोकांनी पाहिले होते, म्हणून अण्णांचे मागणे लोकांना जड वाटले नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण फौजासिंग यांचे. जालंधर जिल्ह्यातील बियास पिंड हे त्यांचे गाव. पत्नी आणि तरुण मुलगा गमावल्यानंतर ते इंग्लंडमध्ये राहावयास गेले आणि दुःखातून बाहेर पडण्यासाठी धावू लागले. २००० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, ते लंडन येथे आपली पहिली मॅरेथॉन धावले. वेळ लागला ६ तास ५४ मिनिटे. ती धाव त्यांनी अकाली जन्मलेल्या बालकांसाठी काम करणाऱ्या ‘ब्लिस’ या संस्थेच्या साहाय्यार्थ केली होती. पिकल्या पानाने कोवळ्या अंकुरासाठी धावावे, याहून निराळे समर्थन काय हवे? २०२५ च्या जुलैत, आपल्या गावाजवळच एका वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ११४ वर्षांचे होते.

तेव्हा भगिनी, आपल्या दिरांना सांगा की, हे सोंग नव्हे. आणि त्यांनाच प्रथम विचारा की, या कामात आपण पहिली देणगी द्याल काय? आक्षेप घेणारा मनुष्य विचार करणारा असतो. असा मनुष्य एकदा पटला की उत्तम सोबती होतो.

आता सरावाविषयी. मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात निघून समुद्रकाठाने, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाऊन धावणारे पुन्हा तेथेच परततात. परतीच्या वाटेवर, अंगातील बळ सरत आले असता, पेडर रोडचा चढ लागतो. इंदूरच्या कोरड्या थंडीची सवय असलेल्यास मुंबईची जानेवारीतील दमट हवाही जाणवेल. म्हणून तयारी चढाची आणि घामाचीही करावी.

नवशिक्याची मोठी चूक ही की, छातीचा दम वाढला म्हणजे पायही तयार झाले असे तो समजतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच श्रमाला सरावतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे यांना महिने लागतात. दम म्हणतो ‘चल’, आणि नडगी म्हणते ‘थांब’. या भांडणात नडगीचे ऐकावे. दुखणे नडगीच्या लांबीभर पसरलेले असेल आणि विश्रांतीने उतरत असेल, तर काही दिवस धावणे बंद ठेवून, बर्फाने शेकून व हलका व्यायाम करून ते बहुधा आटोक्यात येते. परंतु हाडावर एकाच ठिकाणी बोटाने दाबले असता कळ येत असेल, चालतानाही किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणका लागत असेल, तर ते हाडास गेलेल्या बारीक चिरेचे लक्षण असू शकते. अशा वेळी तेल चोळीत बसू नये, अस्थितज्ज्ञाकडे जावे. भगिनी, आपण हे पत्र वाचाल त्याच आठवड्यात जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वैद्यांनी अनुमती दिली, तरच पुढील क्रम धरावा. आठवड्यातून चारच दिवस धावावे. त्यांपैकी तीन दिवस थोडे, आणि एक दिवस लांब. सतरा आठवडे हाती असतील, तर लांब धावेचे अंतर १२, १४, १६ किलोमीटर असे वाढवून चौथ्या आठवड्यात पुन्हा १२ वर यावे. नंतर १८, २०, २२, आणि आठव्या आठवड्यात १५. नंतर २४, २६, २८, आणि बाराव्या आठवड्यात १८. तेराव्या व चौदाव्या आठवड्यात ३० किलोमीटर. शेवटचे तीन आठवडे उतरत्या क्रमाने विश्रांतीचे. दुखण्यामुळे दोन-तीन आठवडे वाया गेले, तर ते भरून काढण्यासाठी उड्या मारू नयेत. शिखर खाली आणावे. वेग एवढाच ठेवावा की, शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. मधूनमधून चालण्यात कमीपणा नाही. शर्यतीतही पुष्कळजण ठरवून चालतात.

पूर्ण ४२ किलोमीटर सरावात का धावू नये, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, त्या श्रमाची झीज भरून येण्यास आठवडे लागतात आणि शर्यतीच्या तोंडावर ते परवडत नाही. शरीरात यकृत व स्नायूंमध्ये साठविलेली साखर सामान्यतः ३० किलोमीटरच्या सुमारास संपत येते. तेथे पाय शिशासारखे जड होतात. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. ती भिंत मागे ढकलण्याचा उपाय म्हणजे संथ आरंभ आणि वाटेत थोडेथोडे खाणे. केळे, खजूर, गुळाचा खडा, चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे सरबत, जे पोटास मानवेल ते लांब धावेच्या दिवशी पारखून घ्यावे. शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ खाऊ नये आणि नवे बूटही घालू नयेत.

पाण्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जितके प्यावे तितके चांगले, असे नाही. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. त्याचे मुख्य कारण धावताना अति द्रव पिणे हे होते. तहान लागेल तसे प्यावे, हाच नियम बरा.

आणखी एक सूचना विशेषतः भगिनींसाठी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. लांब धावण्याचा संकल्प करण्यापूर्वी ही साधी तपासणी अवश्य करावी. चाळिशी उलटलेल्या स्त्रीपुरुषांनी हृदयाची तपासणीही करून घ्यावी. आणि घरातील मंडळींनी एवढे करावे: लांब धावेच्या दिवशी सकाळचा चहा दुसऱ्या कोणी ठेवावा. पहाटे २० किलोमीटर धावून आलेल्या बाईने स्वयंपाकघरात शिरून सर्वांचे पोहे परतावेत आणि घराने तिच्या जिद्दीचे कौतुक करीत ते खावेत, हे काही खरे कौतुक नव्हे. झोप आणि विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे. तो कुटुंबाने दिल्यावाचून मिळत नाही.

आता मागण्याचा सराव. भगिनी, आपल्या घशात आवंढा येतो, कारण लहानपणापासून आपल्याला ‘कोणापुढे हात पसरू नये’ असे शिकविले गेले आहे. ती शिकवण चांगली आहे. परंतु ती स्वतःसाठी मागण्याविषयी आहे. आपल्याच समाजात शिकणारी मुले माधुकरी मागत आणि घरोघरच्या आया त्यांना कमी लेखीत नसत. मागणे हलके की भारदस्त, हे मागणाऱ्याच्या झोळीवरून ठरत नाही; त्या झोळीतले पुढे कोणाच्या मुखी जाते यावरून ठरते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरलो होतो. रक्कम जमली, ती मी कार्यकारी मंडळाच्या स्वाधीन केली आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. दोन वर्षांनी बाजारात एका वृद्ध विणकराने मला थांबविले. त्याने दहा रुपये दिले होते. तो रागावला नव्हता, त्याने फक्त विचारले, “त्या पैशांची कोणती पुस्तके आली हो?” मला उत्तर देता आले नाही. पुस्तके आली होती, चांगली आली होती. परंतु मी त्याला ते सांगावयास गेलो नव्हतो. त्याचे दहा रुपये बुडाले नव्हते, पण त्याचा त्या पुस्तकांशी असलेला संबंध मी तोडून टाकला होता. त्यानंतर कित्येक दिवस मी त्या रस्त्याने जाणे टाळीत असे.

त्या चुकीतून जे शिकलो, ते येथे देतो.

पहिली वर्गणी स्वतःची असावी, आणि ती सांगावी. बूट, प्रवास, प्रवेशशुल्क हा खर्च आपला. देणगीतील एक पैसाही त्यात जाणार नाही, हे आधीच स्पष्ट करावे. पैसे आपल्या खात्यात घेऊ नयेत. ते सरळ संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेनेच द्यावी. मुंबईच्या शर्यतीचे दानकार्य युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते. आपले वसतिगृह तिच्याशी जोडलेले आहे की नाही, याची आधी चौकशी करावी. नसेल, तर वसतिगृहाच्या नोंदणीची कागदपत्रे स्वतः पाहावीत. कारण आपण त्या संस्थेसाठी जामीन राहात आहात.

मागताना रक्कम सांगावी आणि तिचे काय होईल तेही सांगावे. ‘काहीतरी द्या’ म्हटले की समोरचा अवघडतो. ‘एका पुस्तकाच्या ब्रेल प्रतीला इतका खर्च येतो, आपण एक प्रत घ्याल काय?’ असे विचारले की त्याला होय म्हणणे सोपे जाते आणि नाही म्हणणेही सोपे जाते. नाही म्हणण्याची मोकळीक ठेवली नाही, तर ते मागणे राहत नाही, ती वसुली होते. एकदा विचारावे, एकदा आठवण द्यावी. तिसऱ्यांदा विषय काढू नये.

यातूनच एक नाजूक गोष्ट निघते. आपण शिक्षिका आहात. आपल्या वर्गातील मुलांच्या आईवडिलांकडे मागू नका. घरी कामास येणाऱ्या बाईंकडे मागू नका. ज्यांना आपल्याला ‘नाही’ म्हणण्याची भीती वाटेल, अशा कोणाहीकडे मागू नका. त्यांनी आपण होऊन दिले, तर मात्र अवश्य घ्या, आणि तितक्याच आदराने पावती द्या. देणाऱ्यांची यादी जाहीर करताना नावे द्यावीत, आकडे देऊ नयेत. म्हणजे पाच हजारांच्या शेजारी एकावन्न रुपयांना मान खाली घालावी लागत नाही.

आणि महिन्यातून एकदा देणाऱ्यांना चार ओळी लिहाव्यात: किती जमले, किती उरले, सराव कसा चालला आहे. नडगी दुखते आहे, हेही लिहावे. लपवू नये.

आता शेवटचा प्रश्न. धावता आले नाही, तर एकावन्न रुपये परत करावेत काय?

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाची कथा येथे सांगितली पाहिजे. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने इतर रोग्यांचे, विशेषतः लहान मुलांचे हाल पाहिले आणि कर्करोगावरील संशोधनासाठी पैसे जमविण्याकरिता कॅनडा देश या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाण्याचे ठरविले. वर्षाहून अधिक काळ त्याने कृत्रिम पायावर सराव केला. १९७९ साली प्रिन्स जॉर्ज या गावी तो एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरला आणि सर्वांत शेवटी आला. १९८० च्या एप्रिलच्या १२ तारखेस सेंट जॉन्स येथे अटलांटिक समुद्रात पाय बुडवून तो निघाला. दररोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो तोडीत असे. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबर रोजी थंडर बे गावाजवळ छातीतील वेदनेने त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. पॅसिफिकचा किनारा त्याने धावत गाठला नाही. १९८१ च्या जून महिन्याच्या २८ तारखेस, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो वारला.

आता आपणच सांगा, कोणी आपला डॉलर परत मागितला काय? देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा होती. तो थांबल्यानंतर काही महिन्यांतच, १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत, ती पुरी झाली. दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले. त्याच वर्षापासून त्याच्या नावाने दरवर्षी लोक धावू लागले. अर्ध्या वाटेवर थांबलेली ती धाव हिशेबाला पुरी उतरली. कारण टेरी कोठे थांबला, का थांबला आणि पैसा कोठे जाणार, हे देणाऱ्यांना ठाऊक होते.

म्हणून माझे उत्तर असे. भगिनी, आजींनी आपल्याला शर्यत पुरी करण्याचे एकावन्न रुपये दिलेले नाहीत. ते त्यांनी न पाहिलेल्या मुलींच्या पुस्तकासाठी, आपल्या शब्दावर विसंबून दिले आहेत. आपण त्यांना दोन गोष्टी देणे लागता: मनापासून केलेली तयारी आणि खरा हिशेब. अंतिम रेषा ही तिसरी गोष्ट. ती पायांच्या, हवेच्या आणि दैवाच्या हाती आहे, आणि तिचे वचन कोणी देऊ नये. परंतु पैसे घेताना ‘शर्यत पुरी केली तरच’ अशी अट कोणी घातली असेल, तर ती त्याची अट आहे. अशा देणगीदारास विचारावे आणि तो म्हणेल तसे करावे. मात्र दुखऱ्या पायाने, चिरलेल्या हाडाने, केवळ लोकलाजेस्तव धावू नये. मुलींना पुस्तके वाचून दाखविणारी बाई काठी टेकीत यावी, असे आजींना खचित वाटत नसेल.

आणि आजींकडे जाण्यासाठी जानेवारीची वाट पाहू नका. त्यांनी सांगितले, ‘धावून आलीस की सांगावयास ये.’ आपण उद्याच जा. नडगी दुखते आहे, वैद्यांकडे जाणार आहे, कदाचित धावता येणार नाही, असे त्यांच्यापाशी बसून सांगा. आपल्या घशातील आवंढा तेथे उतरेल, असा माझा तर्क आहे.

वाचकहो, आपणांपैकी फार थोडे मॅरेथॉन धावतील. परंतु गणेशोत्सवाची वर्गणी, शाळेच्या इमारतीचा निधी, शेजारच्या आजारी माणसासाठी केलेली मदत, यांपैकी काही ना काही आपण सर्वांनीच कधीतरी गोळा केले असेल. आज एक काम करावे. आपण ज्यांच्याकडून घेतले आणि ज्यांना नंतर काही सांगितले नाही, अशा एका माणसाचे नाव आठवावे आणि त्याला भेटून त्याच्या पैशांचे काय झाले ते सांगावे. मीही त्या विणकराच्या घरी गेलो होतो, पण उशिराने. तो राहिला नव्हता. त्याच्या मुलाला मी वाचनालयात नेले आणि पुस्तकांचे ते कपाट दाखविले. तो बराच वेळ एकेक पुस्तक काढून पाहात होता.

इंदूरच्या भगिनींनी पायाचे आणि पुस्तकांचे वर्तमान कळविण्याचे कबूल केले आहे. ते आले म्हणजे, जे असेल ते, याच सदरात आपल्यापुढे ठेवीन.